पहिलीचा वर्ग आणि अहवालांचे दप्तर

जूनच्या मध्यावर महाराष्ट्रातील बहुतेक प्राथमिक शाळा उघडतात, आणि घर, अंगण व फार तर अंगणवाडीची एक खोली एवढ्याच परिघात आजवर वावरलेली सहा वर्षांची मुले, कोणी रडत, कोणी थोरल्या बहिणीचा हात घट्ट धरून, तर कोणी आपण कोठे आलो याची यत्किंचितही फिकीर न करता, पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या बाईंना किंवा गुरुजींना वर्षभरात जे कार्य तडीस न्यावयाचे असते त्याचे काठिण्य आपल्या समाजाने कधी नीट ओळखलेले नाही. कारण विद्यापीठातील अध्यापकाला आपल्या विद्यार्थ्यांना निदान वाचता येते एवढे तरी गृहीत धरता येते, पहिलीच्या शिक्षकाला काहीच गृहीत धरता येत नाही. पुस्तक कोणत्या बाजूने उघडावयाचे, ओळ कोठे सुरू होते आणि कोठे संपते, तोंडातून निघणारा ध्वनी कागदावर उमटविता येतो म्हणजे काय, पाच खडे आणि पाच मुले यांच्यात समान असलेली ती 'पाच' नावाची अदृश्य वस्तू कोणती, या कल्पना सुचण्यास मनुष्यजातीला सहस्रावधी वर्षे लागली. त्या या शिक्षकाने एप्रिल उजाडेपर्यंत वीस-पंचवीस मुलांच्या अंगवळणी पाडावयाच्या असतात. त्यातून शाळा द्विशिक्षकी असली, आणि जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा तशाच आहेत, तर हे सारे दुसरीच्या वर्गाला त्याच खोलीत, त्याच वेळी, निराळ्या कामात गुंतवून ठेवून साधावयाचे असते.

अशा कामाला कल्पकता लागते हे सिद्ध करण्यासाठी कोणा शिक्षणशास्त्रज्ञाची साक्ष काढण्याचे प्रयोजन नाही. प्रश्न एवढाच की ती कल्पकता येते कोठून. आमच्या शिक्षणखात्याचा अलीकडचा समज असा दिसतो की ती वरून येते: मंत्रालयात एखादी योजना जन्मास यावी, संचालनालयाने तिचे परिपत्रक करावे, ते जिल्ह्यावरून तालुक्याला, तालुक्यावरून केंद्रप्रमुखांकडे आणि केंद्रप्रमुखांकडून शिक्षकाच्या भ्रमणध्वनीवर यावे, आणि त्याच दिवशी दुपारी तीनपर्यंत उपक्रमाची छायाचित्रे दिलेल्या लिंकवर चढविली जावीत, की कल्पकतेची अंमलबजावणी झाली. नावीन्य हे ज्या दिवशी दप्तरी रकान्यात नोंदविण्याची बाब झाले त्या दिवसापासून शाळांतून नावीन्य वाढले की त्याची नोंद वाढली, हा प्रश्न कोणीतरी उघडपणे विचारावयास हवा. माझे मत असे की वाढली ती नोंद. आणि या वाढलेल्या नोंदीने जो वेळ आणि जी मनःस्वस्थता खाऊन टाकली त्यांच्यातूनच खरे नावीन्य उद्भवण्याचा संभव होता.

आपल्याच मुलुखात घडलेल्या एका जुन्या कार्याकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या समवेत भावनगर येथे बालशिक्षणाचा प्रयोग केला, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, आणि पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्यांच्या मनाची घडण माँटेसोरीच्या विचाराने झाली होती. परंतु माँटेसोरीची साधने, म्हणजे ते गुळगुळीत लाकडी ठोकळे, ती मोजूनमापून घडविलेली दंडगोलांची रांग, ही बोर्डीच्या वाड्यावस्त्यांना परवडणारी नव्हती, आणि परवडली असती तरी ज्यांच्यासाठी ती आणावयाची ती मुलेच बालवाडीत येत नव्हती. दुसऱ्या एखाद्या संस्थेने या अनुपस्थितीचे खापर पालकांच्या अज्ञानावर फोडले असते आणि अहवालात 'जनजागृतीची आवश्यकता' असे एक वाक्य घालून आपले समाधान करून घेतले असते. ताराबाईंनी निराळा विचार केला. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, असे ठरवून त्यांच्या बालसेविका वस्तीत जाऊ लागल्या. तेथेच मुलांची तोंडे धुवावीत, केस विंचरावेत, झाडाखाली गोष्ट सांगावी, गाणी म्हणावीत, आणि शिंपले, बिया, पाने, खडे, माती ही जी संपत्ती त्या मुलांच्या भोवती विखुरलेली होती तिच्यातूनच लहान-मोठे, जड-हलके, कमी-अधिक यांचे ज्ञान करून द्यावे, असा क्रम पडला. अंगणवाडीची कल्पना या रीतीने जन्मास आली.

१९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ यांनी ते वारली मुलांमध्ये पुढे नेले. तेथेही हीच दृष्टी दिसते. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन सांभाळते म्हणून शाळेत येत नाही, असे आढळले. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली, म्हणजे भावंड पाळण्यात आणि बहीण वर्गात. मुले गुरे राखावयास जातात, असे आढळले; तेव्हा शिक्षक गुरांमागे कुरणात गेला आणि कुरणशाळा भरू लागली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तील तरुण मास्तरालाही मेंढरांमागे जाणाऱ्या मुलांचा हाच पेच पडलेला आहे, हे ज्यांनी ती कादंबरी वाचली असेल त्यांच्या स्मरणात असेल. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की यांपैकी एकही कल्पना अगोदर ठरलेली नव्हती. प्रत्येकीच्या आरंभी कोणीतरी एका न आलेल्या मुलाकडे टक लावून पाहिले होते, आणि ते मूल का आले नाही याचे खरे उत्तर सापडेपर्यंत धीर धरला होता.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. या योजनेने कुपोषित बालकांना आहार दिला, लसीकरण घराघरांपर्यंत नेले, लक्षावधी मुलांना घराबाहेरचा पहिला आधार दिला. तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु अंगणात जाणारी सेविका हळूहळू नोंदवह्यांच्या मागे बसणारी सेविका झाली, आणि वजनाचे तक्ते, आहाराचा हिशेब, सर्वेक्षणाच्या याद्या यांतून उरलेल्या वेळात गोष्ट सांगावयाची राहिली तर राहिली, हेही कोणत्याही अंगणवाडीताईंना विचारले असता कळण्यासारखे आहे. शासनाने रूप घेतले, रूपाला जन्म देणारी दृष्टी घेणे त्याला जमले नाही. आणि मला वाटते, त्याला ते जमणारही नव्हते, कारण दृष्टी परिपत्रकाने पाठविता येत नाही.

वाचन शिकविण्याच्या पद्धतीविषयीही असेच म्हणता येईल. मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकन विदुषी मराठी भाषेच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या, तेथेच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या, आणि प्रगत शिक्षण संस्था व कमला निंबकर बालभवन यांच्याद्वारे त्यांनी लहान मुलांच्या वाचन-लेखनाचे जे काम केले ते आपल्या प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात मानाचे स्थान पावण्यास पात्र आहे. अ-आ-इ-ई पासून क्ष-ज्ञ पर्यंत संपूर्ण वर्णमाला पाठ झाल्याखेरीज आणि तिच्यामागून बाराखडीचे अरण्य ओलांडल्याखेरीज मुलाला शब्दाचे दर्शन घडू द्यावयाचे नाही, हा आपला पूर्वापार शिरस्ता. त्याऐवजी थोडी अक्षरे आणि एखाददुसरी स्वरचिन्हे यांचा गट आधी घ्यावा, त्या गटातूनच अर्थपूर्ण शब्द आणि छोटी वाक्ये वाचू द्यावीत, मग पुढचा गट घ्यावा, आणि या सर्व काळात बाईंनी रोज गोष्टी वाचून दाखवाव्यात व मुलाने आपल्या मनातले, चुकतमाकत का होईना, लिहावे, असा तो क्रम आहे. वाचनातून अर्थ मिळतो हा अनुभव मुलाला पहिल्या काही आठवड्यांतच यावा, हे त्यामागील तत्त्व. घरी 'व्हतं' आणि 'न्हाई' बोलणाऱ्या मुलाची भाषा सदोष मानून तिला वर्गाच्या दाराबाहेर ठेवू नये, हाही त्या विचाराचाच एक भाग. हे समजून घेतलेल्या शिक्षकाच्या हाती ही पद्धत सजीव राहते. ज्याच्या हाती केवळ गटांचा तक्ता पडला तो जुन्या वर्णमालेच्या जागी नवी वर्णमाला घोकवून घेतो, आणि दोष पद्धतीच्या माथी मारून मोकळा होतो.

२०१९ च्या जूनमध्ये याच जातीचा एक प्रसंग साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीने वीस एक, वीस दोन अशी वाचनाची दुसरी रीत देण्यात आली, आणि एवढ्यावरून वर्तमानपत्रांपासून विधानसभेपर्यंत जो गदारोळ उठला त्यात भाषाभिमान, उपहास आणि मुख्यमंत्र्यांच्या आडनावाची फोड करण्यापर्यंतचे विनोद हे सर्व होते; नव्हती ती फक्त दुसरीच्या वर्गात बसलेल्या मुलाची अडचण. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी ती वारंवार समजावून सांगितली होती: आपण लिहिताना दशक आधी लिहितो आणि बोलताना सुटे आधी उच्चारतो, त्यामुळे 'तेवीस' ऐकणारे मूल तीन आधी मांडून बत्तीस लिहून बसते, त्यात जोडाक्षरांची भर पडते, आणि ज्या वयात संख्येशी मैत्री व्हावयाची त्या वयात तिची धास्ती बसते. पुस्तकात दोन्ही रीती होत्या, जुनी काढून टाकलेली नव्हती. मी स्वतः एकवीस-बावीसच म्हणणार आणि माझ्या नातवंडांनीही तेच म्हणावे असे मला वाटते. परंतु काड्यांचे दोन गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या समोर मांडून बसलेल्या बाईंना एखाद्या अडलेल्या मुलासाठी चार दिवस 'वीस तीन' म्हणावेसे वाटले तर त्यांना तशी मोकळीक असावी, यावर विधिमंडळात चर्चा होण्याचे काय कारण होते, हे मला अद्याप उमगलेले नाही. कोणत्या मुलाला कोणत्या दिवशी कोणता शब्द वापरावा हा निर्णय वर्गातच घ्यावयाचा असतो.

आता ज्या प्रकरणाविषयी बोलावयास शिक्षकमंडळी जरा कचरतात त्याकडे वळतो. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये एका विस्तार अधिकारी बाईंनी आणि त्यांच्या शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांतून जे घडविले त्याची कीर्ती दशकापूर्वी सर्वत्र पसरली, आणि ती यथार्थ होती. मुले रांगेत बसून फळ्याकडे पाहण्याऐवजी जमिनीवर गटागटाने बसत, फरशीवर रंगविलेल्या आकृत्यांभोवती चिंचोके, खडे आणि आइसक्रीमच्या काड्या मांडून आपापसांत हुज्जत घालत शिकत, भिंतीच्या तळाशी त्यांच्या उंचीचे तळफळे असत, आणि बाई एका गटाकडून दुसऱ्याकडे फिरत. २०१५ च्या जूनमध्ये शासनाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम हाती घेतला, राज्यभरातून शिक्षक हे वर्ग पाहावयास येऊ लागले, आणि पाहून गेलेल्यांपैकी पुष्कळांनी गावी परतताच पहिले काम कोणते केले असेल तर ऑइलपेंटचे डबे आणले. पदरमोड करून, लोकवर्गणी काढून, सुट्टीच्या दिवशी गुडघ्यांवर बसून त्यांनी फरश्या रंगविल्या. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु कुमठ्याची फरशी हा त्या शिक्षकांच्या दीर्घ विचारविनिमयाचा, एकमेकांच्या वर्गात जाऊन बसण्याचा, मूल कोठे अडते याच्या चर्चेचा शेवटचा आणि त्यातल्या त्यात कमी महत्त्वाचा परिणाम होता, आणि प्रवास करावयास सर्वांत सोपा नेमका तोच निघाला. कल्पना ही विरजणासारखी असते. दुसऱ्या घरचे चमचाभर आणता येते, पण आपल्या घरचे दूध कोमट आहे की गार हे पाहिल्यावाचून ते घातले तर दही लागत नाही. पुढे तपासणीस येणारे अधिकारीही फरशी रंगली की नाही, भिंती 'बोलक्या' झाल्या की नाही, हेच पाहू लागले, कारण ते दारातून दिसते; त्या फरशीवर बसलेली मुलगी सातात चार मिळविताना बोटे पहिल्यापासून मोजते की सातापासून पुढे मोजते, हे दारातून दिसत नाही, त्यासाठी तिच्याशेजारी मांडी घालून बसावे लागते. काही शाळांतून ते रंग आता झिजले आहेत. त्यांच्यावर बसून शिकविण्याची रीत कोठे टिकली आणि कोठे नाही, याची विचारपूस मात्र कोणी केल्याचे दिसत नाही.

बालआनंद मेळाव्याचेच उदाहरण घ्या. याहून रमणीय कल्पना प्राथमिक शाळेला क्वचितच सुचली असेल: मुलांनी आपल्या शेतातली मेथीची जुडी, परसातली लिंबे, बोरे, चिंचा, आईच्या हातचे शेंगदाण्याचे लाडू शाळेच्या पटांगणात मांडावेत, गावाने विकत घ्यावेत, आणि सात रुपयांच्या जुडीला दहाची नोट पुढे आली असता किती परत द्यावयाचे, याचा निर्णय दुसरीतल्या मुलाने, गिऱ्हाईक खोळंबले असताना, स्वतःच्या जबाबदारीवर करावा. वजाबाकी त्या क्षणी वहीतून उठून हातात येते. भाव कोणी ठरवावयाचा, शेजारच्या दुकानाने भाव उतरविला तर काय करावयाचे, संध्याकाळी उरलेली मेथी सुकण्यापूर्वी अर्ध्या किमतीत द्यावी की घरी न्यावी, या प्रश्नांवर दुसऱ्या दिवशी वर्गात तास न् तास बोलता येईल. जेथे शिक्षकाने हे असे घडू दिले तेथे मी मुलांना हिशेबात मोठ्यांची चूक दाखविताना पाहिले आहे, आणि त्या वेळचा त्यांच्या चेहऱ्यावरचा अधिकार पाहण्यासारखा असतो. परंतु मेळावा हा सर्व शाळांनी अमुक आठवड्यात घ्यावयाचा उपक्रम ठरला, की त्याचे रूप पालटते. मांडव पडतो, फीत येते, कात्रीसाठी तबक येते, सरपंच, सदस्य आणि अध्यक्ष यांचे शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतात, प्रास्ताविकाला पाऊण तास लागतो. तोवर वडापावाच्या परातीमागे मुलाची आई उभी राहिलेली असते, सुटे पैसे काका सांभाळत असतात, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप तो दुकानदार इस्त्रीचा गणवेश घालून छायाचित्रासाठी तेवढा पुढे आणला जातो. अहवालात एकूण उलाढालीचा आकडा जातो. किती मुलांनी स्वतः सुटे पैसे परत दिले, हा रकाना अहवालाच्या नमुन्यात नसतो.

या ठिकाणी एक गोष्ट सांगून टाकणे बरे, नाही तर कल्पकतेचा कैवार घेणारे लोक मला आपल्यातला समजतील. उपक्रमशीलतेच्या उत्साहात आपल्याकडे पाठांतराला जे अस्पृश्य ठरविण्यात आले ते मला मुळीच मान्य नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांना तालावर एकत्र पाढे म्हणण्यात विलक्षण गोडी वाटते, बडबडगीत शंभरदा म्हणूनही त्यांचे समाधान होत नाही, आणि पुनरावृत्तीचा कंटाळा हा मोठ्यांचा रोग असून तो आपण मुलांवर लादतो. चिंचोक्यांच्या पाच-पाचच्या राशी स्वतः मांडून झाल्यावर जो पाचाचा पाढा म्हटला जातो त्यात आणि राशी न मांडता म्हटलेल्या पाढ्यात अंतर आहे खरे. पण राशी मांडून पाढा कधीच पाठ न करविणारा शिक्षकही मुलाला अर्ध्या वाटेवर सोडतो. केव्हा मांडावयाचे आणि केव्हा म्हणावयाचे, हे त्या वर्गाकडे पाहून ठरते, आणि पुन्हा आपण त्याच ठिकाणी येतो.

पाहावयास वेळ लागतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. कृती, शोध आणि अन्वेषण यांच्याद्वारे व भयमुक्त वातावरणात शिक्षण व्हावे, हे त्याच्या २९ व्या कलमात लिहिले आहे. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला कामाचे २०० दिवस आणि अध्यापनाचे ८०० तास सांगितले असून शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरला आहे, आणि त्या ४५ तासांत पूर्वतयारीचे तास समाविष्ट आहेत असे स्पष्ट म्हटले आहे. कायदा करणाऱ्यांना, म्हणजे, उमगले होते की उद्याच्या गोष्टीसाठी बाहुली शिवणे, कालच्या वह्या वाचून कोण कोठे चुकले याचा मेळ घालणे, दुसरीसाठी वेगळी कामपत्रिका करणे, हे शिक्षकाचे काम आहे आणि त्याला दिवसाउजेडी वेळ लागतो. प्रत्यक्षात ती पूर्वतयारी कोठे जाते? यू-डायसची माहिती, सरल प्रणालीतील नोंदी, पोषण आहाराचा ताळेबंद, निरनिराळ्या दिनांच्या साजरीकरणाचे पुरावे, आणि काहीच घडलेले नसेल तर काहीच घडले नाही असे कळविणारा निरंक अहवाल! शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे त्याच कायद्याचे २७ वे कलम म्हणते आणि दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका एवढेच अपवाद ठेवते. पण अहवाल हा शैक्षणिक कामाविषयीचा असल्यामुळे तो या मनाईत सापडत नाही, आणि उपक्रमाचे छायाचित्र काढून ते लिंकवर चढविणे हे तर शिक्षणाचेच अंग मानले जाते. केंद्रशाळेत दरमहा भरणारी शिक्षण परिषद ही खरोखर किती उपयुक्त संस्था व्हावयास हवी होती. दहा-बारा शाळांतील शिक्षक एकत्र बसून एखाद्या मुलाची वही मध्ये ठेवून बोलू शकले असते. तेथेही निम्मा वेळ प्रलंबित माहितीच्या तगाद्यात जातो, अशी तक्रार शिक्षकांकडून ऐकू येते.

यावर विचारला जाणारा प्रतिप्रश्न मला ठाऊक आहे आणि तो अगदीच निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. शिक्षकाला मोकळे सोडले तर जो आळशी आहे तो आणखी आळशी होईल; पगार भरघोस आणि वर्गात वाचता न येणारी मुले, असा अनुभव घेतलेल्या पालकाने उसनवारी करून मुलाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले असेल तर त्याला मोकळिकीचे तत्त्वज्ञान ऐकवून काय उपयोग? तपासणी हवीच. मोकळीक आणि जबाबदारी यांची सांगड कशी घालावी, हे गिजुभाईंनी आपल्या 'दिवास्वप्न' या पुस्तकात फार पूर्वीच दाखवून ठेवले आहे: त्यातील शिक्षक अधिकाऱ्याकडे एक वर्ग आणि एक वर्ष मागतो, अधिकारी ते देतो, आणि वर्षाच्या शेवटी परीक्षा होईल हेही बजावतो. कसे शिकविलेस हे रोज विचारावयाचे नाही आणि मुलांना काय आले हे विचारल्यावाचून राहावयाचे नाही, असा तो करार आहे. आमच्या व्यवस्थेने तो नेमका उलटा फिरविला. आज शिक्षकाला वर्षभर, दर आठवड्याला, काय काय केलेस हे विचारले जाते आणि मुलाला वाचता येते की नाही हे ज्याने त्याच्या शेजारी बसून ऐकले असा अधिकारी विरळा. आळशी शिक्षकाला ही व्यवस्था फार सोयीची आहे, कारण छायाचित्र काढण्यास पाच मिनिटे पुरतात. तिचा जाच होतो तो मन लावून शिकविणाऱ्यालाच.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र शासनाने निपुण भारत अभियान सुरू करून २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, असे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट उत्तम आहे. ती मुदत आता अगदी जवळ आली आहे, आणि मुदत जवळ आली की आमच्या कचेऱ्यांतून जे घडते ते यथास्थित घडेल: अधिक तक्ते, अधिक लिंका, अधिक आढावा बैठका, आणि त्यांच्यापायी बाईंचा वर्गातला वेळ आणखी उणा. हे टाळावयाचे असेल तर खात्याने फार मोठे काही करण्याची गरज नाही, केवळ काही गोष्टी न करण्याचे धैर्य दाखवावयास हवे.

माझी मागणी मर्यादित आहे. येत्या जूनपासून एक वर्षभर पहिली आणि दुसरीच्या वर्गांकडून कोणत्याही उपक्रमाचे छायाचित्र, चित्रफीत वा अहवाल मागविण्यात येऊ नये, आणि मागविल्यास तो न पाठविण्याचा शिक्षकाला अधिकार असावा. त्याच्या बदल्यात केंद्रप्रमुखाने महिन्यातून एकदा प्रत्येक शाळेत जाऊन, भिंतीकडे न पाहता, पहिली-दुसरीच्या पाच मुलांशेजारी बसावे, त्यांच्याकडून न शिकविलेल्या पुस्तकातले एक पान वाचून घ्यावे, चिंचोक्यांचा एक हिशेब करवून घ्यावा, आणि जे दिसले ते शिक्षकाशी त्याच दिवशी बोलावे. शिक्षण परिषदेतील पहिला तास मुलांच्या वह्यांसाठी राखून ठेवावा व त्या तासात माहितीचा विषय काढण्यास मनाई असावी. यासाठी नवा निधी लागत नाही, नवे पद लागत नाही. लागतो तो शिक्षण आयुक्तांच्या सहीचा एक आदेश, आणि इतके आदेश काढणाऱ्या खात्याला आणखी एक काढणे जड जाऊ नये.